शेणपाणी आणि ओढ्यातले मासे

न्यूझीलंडमधली दुभती गाय सहसा गोठ्यात बांधलेली नसते. पावसात, थंडीत ती कुरणातच असते. दिवसातून दोनदा कळपासोबत धारांच्या शेडवर येते, सिमेंटच्या आवारात आपली पाळी येईपर्यंत उभी राहते आणि धार काढून झाली की परत चरायला जाते. तिचे बहुतेक शेण-मूत रानातच पडते. शेडवर पडतो तो दिवसभरातला जेमतेम दहावा हिस्सा. पण हा हिस्सा एकाच जागी पडतो आणि प्रत्येक धारेनंतर जोराच्या पाण्याने धुऊन काढावा लागतो. शेण, मूत, धुवण, सांडलेले दूध आणि यंत्रे धुण्याची रसायने यांचे पातळ, हिरवट-तपकिरी शेणपाणी त्यातून तयार होते.

गाईमागे रोज सुमारे ५० लिटर शेणपाणी, असा तिथला ठोकताळा आहे. देशात दुभत्या गाई ४७ लाखांच्या आसपास आहेत आणि एका कळपात सरासरी ४४० गाई असतात. म्हणजे एका शेतावर दिवसाला २२,००० लिटर, आणि दुधाचा हंगाम नऊ महिन्यांचा धरला तर वर्षाला ६० लाख लिटर. या पाण्याला जायला जागा तीनच आहेत: साठवण तळे, जमीन किंवा ओढा. ओढ्यात जाते ते बहुधा कुणी मुद्दाम सोडलेले नसते, पण त्याला निव्वळ अपघात म्हणणेही बरोबर नाही. तळे काठोकाठ भरलेले असणे, जमीन चिंब असणे, गाई नुकत्याच व्यालेल्या असणे या गोष्टी पाणी फुटण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेल्या असतात. न्यूझीलंडच्या नियंत्रण यंत्रणेला हे कळायला जवळजवळ दोन दशके लागली, आणि कळल्यावरही त्याप्रमाणे वागणे तिला पुरते जमलेले नाही.

पाण्यात काय घडते

शेणपाणी माशांना मारते ते मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट प्राणवायूची. शेणातले सेंद्रिय द्रव्य खायला पाण्यातले जिवाणू तुटून पडतात आणि ते खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. हा वापर जैविक प्राणवायू मागणीत, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होईल या हिशेबात मोजतात. शहराच्या कच्च्या सांडपाण्याची मागणी ३०० च्या आसपास असते. शेडच्या धुवणाची १,००० ते २,०००. घट्ट शेणकाल्याची १०,००० ते २०,०००. मुरघासाच्या ढिगातून पाझरणाऱ्या रसाची ३०,००० ते ८०,०००, आणि खुद्द दुधाची लाखाच्या वर. दुधाची टाकी ओढ्यात रिकामी करणे हे शेण सोडण्यापेक्षा कितीतरी पटींनी घातक आहे, ही गोष्ट शेतकऱ्यांनाही चटकन पटत नाही.

एका दिवसाच्या धुवणाचा हिशेब मांडून पाहावा. २२,००० लिटर पाणी, लिटरला १,५०० मिलिग्रॅम मागणी, म्हणजे ३३ किलो प्राणवायू. दहा अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्या हिशेबाने एका दिवसाचे धुवण ३० लाख लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकते. सेकंदाला २० लिटर वाहणाऱ्या छोट्या ओढ्यातून दिवसभरात वाहते ते साधारण १७ लाख लिटर. प्रत्यक्षात ही मागणी एका क्षणात वसूल होत नाही. तिला काही दिवस लागतात आणि खळाळत्या पाण्यात हवेतून नवा प्राणवायू मिसळत राहतो. म्हणून उतारावरच्या खडकाळ ओढ्यापेक्षा सपाट मैदानातल्या संथ, गवताळ ओढ्याला धोका मोठा. न्यूझीलंडची दुग्धशेती नेमकी अशाच मैदानांत एकवटली आहे: वायकाटो, मानावातू, कँटरबरी, साउथलंड. उन्हाळ्यात पाणी २० अंशांवर गेले की मुळात प्राणवायूच लिटरला ९ मिलिग्रॅम मावतो, तेव्हा तूट लवकर येते.

दुसरी वाट अमोनियाची, आणि ती अधिक वेगाने मारते. गाईच्या मुतातला युरिया फुटून अमोनिया होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक रूप विद्युतभारित असते, ते तुलनेने निरुपद्रवी. दुसरे विनाभाराचे असते आणि कल्ल्यांतून सहज आत शिरते. दोघांचे प्रमाण पाण्याच्या आम्ल-अल्कतेवर, म्हणजे सामूवर, ठरते. २० अंश तापमानाला सामू ७ असेल तर विषारी रूप अर्ध्या टक्क्याहूनही कमी, ८ असेल तर सुमारे ४ टक्के, ९ असेल तर पाव हिश्शाहून जास्त. शेवाळाने भरलेल्या ओढ्यात दुपारी, प्रकाशसंश्लेषण जोरात असताना, सामू चढतो. त्यामुळे सकाळी माशांनी सोसलेले शेणपाणी त्याच दिवशी दुपारी त्यांना मारू शकते. मासा स्वतःच्या शरीरातला अमोनिया कल्ल्यांतूनच बाहेर टाकत असतो. बाहेरच्या पाण्यातच तो वाढला की ही वाट बंद होते आणि विष रक्तात, मेंदूत साठते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतात, वेडेवाकडे पोहतात, आचके देतात. प्राणवायूही कमी असेल तर कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवावे लागते, आणि त्याबरोबर विषही जास्त आत येते. दोन्ही वाटा अशा एकमेकींना जोर देतात.

राष्ट्रीय गोडे पाणी धोरणाने अमोनियाकल नत्राच्या विषारीपणासाठी तळरेषा आखली आहे: सामू ८ आणि तापमान २० अंश धरून वर्षाचा मध्यक लिटरला ०.२४ मिलिग्रॅमच्या आत हवा. शेणपाण्याच्या तळ्यात हाच आकडा ५० ते १०० च्या घरात असणे नवलाचे नाही. ओढ्यात शेकडोपट पाणी नसेल, तर मिसळून पातळ होण्यावर भिस्त ठेवता येत नाही.

उरलेले नुकसान संथ असते. शेणाचा बारीक चोथा वाळू-गोट्यांच्या फटींत बसतो. पाण्यात साखळीने वाढणारे जिवाणू दगडांवर राखाडी, लोंबत्या बुरशीसारखा थर धरतात. दगडाखाली राहणाऱ्या मेफ्लायसारख्या किड्यांच्या अळ्या नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी लाल अळ्या व गांडूळवर्गी किडे येतात. जॉन स्टार्क यांनी १९८५ मध्ये तारानाकीच्या ओढ्यांसाठी या किड्यांवरून पाण्याचा कस ठरवणारा निर्देशांक बांधला. आज तो देशभर वापरतात. १२० च्या वर स्वच्छ, ८० च्या खाली वाईट. एकदाच सांडलेले शेणपाणी तासाभरात वाहून जाते, पण किड्यांच्या यादीत त्याची नोंद कित्येक आठवडे राहते. माशांचे अन्न हेच किडे.

कुठले मासे

न्यूझीलंडच्या ओढ्यांत डोळ्याला दिसणारा मासा बहुधा ट्राउट असतो. तो इथला नाही. ब्राउन ट्राउट १८६७ मध्ये टास्मानियातून आणला गेला. गळाच्या शौकिनांची, परवाना-शुल्कावर चालणारी ‘फिश अँड गेम’ ही कायद्याने स्थापन झालेली संस्था ट्राउटचे हित पाहते, आणि शेणपाण्याविरुद्ध पहिला मोठा आवाज तिनेच उठवला. देशी मासे बहुधा लहान, बरेचसे खवले नसलेले, रात्री बाहेर पडणारे, दगडाखाली लपणारे असतात. ते मेले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. सरकारच्या २०२० च्या गोड्या पाण्याच्या अहवालानुसार देशी माशांच्या ५१ जातींपैकी ३९ जाती नष्ट होण्याच्या धोक्यात किंवा त्या वाटेवर होत्या. या घसरणीला बंधारे, दलदली बुजवणे, गाळ, परके मासे अशी बरीच कारणे आहेत आणि शेणपाणी त्यांतले एक. ते कमी लेखण्याचेही कारण नाही. उपोकोरोरो हा देशी मासा १९२० च्या दशकानंतर खात्रीने कुणी पाहिला नाही. त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले १९५१ मध्ये. तो गेला त्याची कारणे वेगळी होती, पण नियम उशिरा येण्याची त्या देशाची जुनी खोड त्यात दिसते.

सगळ्या जातींना सारखाच त्रास होत नाही. वाम मासे कातडीतूनही श्वास घेतात. प्राणवायू संपला की ते काठावरच्या ओल्या गवतात चढतात. कोउरा हे देशी चिंगूळही पाण्याबाहेर सरपटत येते. काठावर आलेल्या वामा आणि चिंगुळे ही वरच्या बाजूला काही सांडल्याची सर्वांत स्पष्ट खूण, हे तपास अधिकारी शिकलेले असतात. दुसरीकडे इनांगा आणि स्मेल्टसारख्या उघड्या पाण्यात थव्याने पोहणाऱ्या माशांना असा आसरा नाही.

वाम टिकाऊ आहे म्हणून तिच्याबाबत निश्चिंत राहणे चुकीचे आहे. लांबपरी वाम फक्त न्यूझीलंडमध्येच सापडते. ती कित्येक दशके गोड्या पाण्यात वाढते, आयुष्यात एकदाच अंडी घालते आणि त्यासाठी प्रशांत महासागरात दूर उत्तरेला पोहत जाते. माओरी लोक तिला तुना म्हणतात. तिच्यावर अनेक इवींचे, म्हणजे माओरी जमातींचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आणि पाहुणचार उभा आहे. मोठी मादी मेली तर तिची जागा भरायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते.

व्हाइटबेट म्हणून पकडल्या जाणाऱ्या पाच जातींची बोटुकली समुद्रातून ओढ्यांत परत येतात. म्हणून खालचा मार्ग स्वच्छ असेल तर रिकामा झालेला ओढा पुन्हा भरू शकतो. कँटरबरीच्या चिखलमाशाला, माओरीत कोवारोला, तशी सोय नाही. तो समुद्रात जात नाही. ॲशली आणि वाइटाकी या नद्यांच्या मधल्या मैदानात, शेताकडेच्या चरांत आणि झऱ्यांत त्याचे शेवटचे कळप उरले आहेत, आणि त्याची गणना सर्वांत गंभीर धोक्याच्या वर्गात होते. चर आटला तरी ओल्या चिखलात महिनोन्‌महिने तग धरणारा हा मासा आहे. पण एका चरातला कळप शेणपाण्याने मेला तर तो आपणहून परत येत नाही. नकाशावर नाव नसलेल्या अशा चरांकडे नियमांचे लक्ष सर्वांत कमी जाते, आणि हे या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोठे दुर्दैव आहे.

हंगामांची टक्कर

न्यूझीलंडमधल्या बहुतेक गाई जुलै-ऑगस्टमध्ये, तिथल्या हिवाळ्याच्या अखेरीस, एकदमच वितात. कुरणात वसंतात फुटणारे गवत आणि दुधाचा जोर यांचा मेळ बसावा म्हणून ही घडी बसवलेली आहे. त्यामुळे शेडवर शेणपाणी सुरू होते ते नेमके जमीन सर्वांत ओली असताना. थंडीत गवत वाढत नाही, म्हणून ते पाणीही उचलत नाही. साउथलंड आणि मानावातूच्या चिकण जमिनींत पाणी मुरत नाही म्हणून खाली निचऱ्याच्या नळ्या घातलेल्या असतात. चिंब जमिनीवर शेणपाणी फवारले की ते भेगांतून नळीत आणि नळीतून थेट ओढ्यात उतरते. वरून पाहणाऱ्याला शेत हिरवेगार दिसते.

याच दिवसांत ट्राउटची अंडी ओढ्याच्या तळाच्या गोट्यांमध्ये असतात. गोट्यांतून वाहणाऱ्या पाण्यातल्या प्राणवायूवर ती जगतात. चोथा बसला की ती गुदमरतात, आणि वर एकही मासा तरंगत नाही. पाठोपाठ ऑगस्टपासून व्हाइटबेटची बोटुकली समुद्रातून वर चढू लागतात. ती पकडण्याचा कायदेशीर मोसम १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर असा आहे. त्यांतल्याच पट्टेरी कोकोपू या जातीची बोटुकली गढूळ पाणी टाळून दुसऱ्या फाट्याकडे वळतात, असे प्रयोगांत दिसले आहे. ओढा दोन आठवडे मळलेला राहिला तर त्या वर्षीची पिढी तिथे येतच नाही. मेलेले मासे मोजून हे नुकसान कळणार नाही.

पाणी सांडण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. तळे पावसाने भरून वाहते. तारेवरून स्वतःला ओढत पुढे सरकणारा फिरता फवारा एका जागी अडकतो आणि तासन्‌तास तिथेच ओततो. पाइपचा जोड निसटतो. पावसाचे पाणी आणि शेणपाणी वेगळे करणारी झडप चुकीच्या बाजूला राहते. पहाटे चारला उठलेला, वीण सांभाळून थकलेला एकच गडी हे सगळे पाहत असतो. पण तळे पुरेसे मोठे असते तर त्याला त्या दिवशी फवारा लावावाच लागला नसता.

मॅसी विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञांनी शतकाच्या सुरुवातीला हेच प्रयोगाने दाखवले. निचऱ्याच्या नळ्या घातलेल्या शेतावर ओल्या दिवशी फवारले तर मोठा हिस्सा नळीतून निसटतो. तेच पाणी तळ्यात साठवून जमीन वाफशावर आल्यावर, थोडे थोडे, दिले तर जवळपास काहीच निसटत नाही आणि नत्र-पालाश गवताला मिळते. यातून तळे किती मोठे हवे हे सांगणारे गणित तयार झाले. शेताचा पाऊस, जमिनीचा प्रकार, गाईंची संख्या आणि फवाऱ्याचा वेग घालून साठवणीचे माप काढता येते. तळे बांधायला मात्र लाखभर डॉलर किंवा त्याहून जास्त लागतात, आणि दुधाचा भाव पडलेल्या वर्षी ते काम पुढे ढकलले जाते.

कायदा काय म्हणतो

१९७० च्या दशकापासून शेणपाणी दोन तळ्यांतून फिरवून, थोडे निवळून, परवान्याने ओढ्यातच सोडण्याची रीत होती. घट्ट द्रव्य त्यात बरेचसे खाली बसायचे, अमोनिया मात्र तसाच बाहेर पडायचा. १९९१ च्या रिसोर्स मॅनेजमेंट ॲक्टने पाया बदलला. त्याच्या कलम १५ नुसार नियम किंवा परवाना नसेल तर कोणताही दूषित पदार्थ पाण्यात सोडणे गुन्हा आहे, आणि तो पाण्यात पोचू शकेल अशा रीतीने जमिनीवर सोडणेही गुन्हाच आहे. या दुसऱ्या भागात कायद्याची खरी ताकद आहे. मासा मेला हे सिद्ध करावे लागत नाही. ओढ्यात काही पोचले हेही प्रत्येक वेळी दाखवावे लागत नाही. नळ्या घातलेल्या शेतावर शेणपाण्याचे डबके साचलेले दिसले, तरी खटला उभा राहू शकतो. गुन्ह्यासाठी हेतूही लागत नाही. ‘माहीत नव्हते’ हा बचाव चालत नाही. नैसर्गिक आपत्ती किंवा यंत्रबिघाड यासारखे काबूबाहेरचे कारण, जे आधी ओळखता आले नसते, आणि वर परिणाम नीट आवरल्याचा पुरावा, असे दोन्ही दिले तर सुटका. नोकराच्या चुकीसाठी मालक, अर्धेलीने कळप सांभाळणाऱ्यासाठी जमीनमालक जबाबदार धरला जाऊ शकतो. त्यामुळे एकाच डबक्यासाठी तिघांवर आरोप ठेवलेले खटलेही झाले आहेत.

हा कायदा चालवण्याचे काम मुख्यतः ११ प्रादेशिक परिषदांकडे आणि काही एकत्रित स्थानिक संस्थांकडे आहे. तक्रार आली की अधिकारी सांडल्या जागेच्या वर, सांडल्या जागी आणि खाली असे नमुने घेतो, प्राणवायू आणि विद्युतवाहकता जागीच मोजतो, छायाचित्रे काढतो, आणि ई. कोलाय व अमोनियासाठी बाटल्या बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवतो. उशीर झाला तर वाहत्या पाण्यातला पुरावा निघून जातो, मेलेले मासे वामा आणि पक्षी खातात. म्हणूनच काही परिषदा तक्रारीची वाट न पाहता तपासणीला जातात. वायकाटोची परिषद हेलिकॉप्टरमधून शेते पाहू लागली तेव्हा शेतकरी संघटना खूप चिडल्या. पण ओढ्याकाठचे डबके फाटकातून दिसत नाही, आकाशातून दिसते.

हत्यारे पायरीपायरीने वापरली जातात. आधी पत्र किंवा समज. मग अमुक दिवसांत सुधारणा करा असा बंदी-आदेश. मग जागच्या जागी दंड, जो शेणपाण्यासाठी अनेक वर्षे ७५० डॉलर होता. सर्वांत वर खटला, जो पर्यावरण न्यायालयाचा अधिकार असलेल्या जिल्हा न्यायाधीशापुढे चालतो. कमाल दंड आधी दोन लाख डॉलर होता. २००९ मध्ये तो व्यक्तीसाठी तीन लाख आणि कंपनीसाठी सहा लाख झाला, सोबत दोन वर्षांपर्यंत कैद. दंडाची नव्वद टक्के रक्कम खटला भरणाऱ्या परिषदेला मिळते. न्यायालय दंडाबरोबर तळे बांधण्याचा आदेशही देऊ शकते, आणि माशांच्या दृष्टीने दंडापेक्षा हा आदेश मोलाचा.

शिक्षा ठरवताना न्यायालये ‘दंड म्हणजे प्रदूषणाचे परवाना-शुल्क होऊ नये’ हे १९९० च्या दशकात उच्च न्यायालयाने मांडलेले तत्त्व धरून चालतात. २००७ च्या एका निकालाने शेणपाण्याच्या गुन्ह्यांच्या तीन पायऱ्या आखल्या: एकदाच घडलेला दुर्लक्षाचा प्रकार, वारंवारचा निष्काळजीपणा, आणि जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे केलेला. तरी प्रत्यक्षातले दंड बहुतेक काही दहा हजार डॉलरचे राहिले. तळ्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट. शिवाय असा दंड भरून देणारा विमा बाजारात मिळत होता. हा हिशेब शेतावर कुणी उघड मांडत नसेल, पण तो कायद्याच्या बाजूने लागत नव्हता एवढे खरे.

करार, तपासणी आणि आकडे

२००१ मध्ये सहकारी दूधसंघ एकत्र येऊन फोंटेरा ही महाकाय संस्था झाली. त्याच सुमारास ‘फिश अँड गेम’ने ‘डर्टी डेअरीइंग’ (घाणेरडी दुग्धशेती) ही मोहीम काढली आणि मैलभर लांबूनही ओळखू येणारे ते दोन शब्द देशाच्या राजकारणात कायमचे रुजले. उत्तर म्हणून मे २००३ मध्ये फोंटेरा, दोन मंत्रालये आणि प्रादेशिक परिषदा यांनी स्वच्छ ओढ्यांचा करार केला. गाईंना ओढ्यांपासून दूर ठेवायचे, ओढा ओलांडायला पूल बांधायचे, शेणपाण्याचे नियम शंभर टक्के पाळायचे. ओढा कोणता? एका टांगेपेक्षा रुंद आणि ‘रेड बँड’ गमबुटाच्या घोट्यापेक्षा खोल. या मापात न बसणारे चर करारातून सुटले, आणि चिखलमासे त्याच चरांत राहतात.

करार स्वेच्छेचा होता आणि त्याचे फळही तसेच आले. २००८-०९ च्या हंगामात शेणपाण्याचे नियम पूर्णपणे पाळणारी शेते साठ टक्के, आणि गंभीर उल्लंघन करणारी पंधरा टक्के निघाली. सहा वर्षांनंतरचे हे आकडे वाचून सरकारलाही गप्प बसता आले नाही. फोंटेराने २०१० पासून प्रत्येक शेताची दरवर्षी तपासणी सुरू केली. २०११-१२ पर्यंत पूर्ण पालन सुमारे ७३ टक्क्यांवर गेले. २०१३ च्या दुसऱ्या करारानंतर कुंपणे झपाट्याने झाली. दूध उचलायचे की नाही हे ज्याच्या हातात, त्याचा शब्द शेतकरी सरकारी पत्रापेक्षा लवकर ऐकतो.

परिषदांच्या रचनेतच एक अडचण होती. परिषदेचे सदस्य निवडून येतात, ग्रामीण भागात त्यांत शेतकरी असतात, आणि ज्याच्यावर खटला भरायचा तो कधी शेजारी, कधी मतदार असतो. महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये वायकाटो, तारानाकी, हॉरायझन्स (मानावातूची परिषद) आणि साउथलंड या चार परिषदांचा अभ्यास करून स्पष्ट शिफारस केली, की खटला भरायचा की नाही या निर्णयात निवडून आलेल्या सदस्यांनी पडू नये. ही शिफारस साधी वाटते, पण त्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच होती. पुढे २०२० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय पर्यावरण प्राधिकरणालाही कारवाईचे अधिकार दिले आणि आरोप दाखल करण्याची मुदत सहा महिन्यांवरून बारा महिने केली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. मुंबईत दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्यांत तबेल्यांचे शेण वर्षानुवर्षे वाहत आले आहे, आणि पंचगंगेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या कोल्हापूर-इचलकरंजीत अनेकदा आल्या आहेत. तिथे कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी पुढे असते. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ही चौकट इथेही आहे. नोटीस निघते, नमुने घेतले जातात. फरक असा, की न्यूझीलंडमध्ये ओल्या शेतावरचे डबके हाच गुन्हा मानला जातो. त्यामुळे यंत्रणेला मेलेल्या माशांची वाट पाहावी लागत नाही.

आजची स्थिती

२०२० मध्ये सरकारने एकाच वेळी बरेच नियम आणले: गाईंना एक मीटरपेक्षा रुंद ओढ्यांपासून तीन मीटर दूर ठेवणे, कृत्रिम नत्राला हेक्टरी वर्षाला १९० किलोची मर्यादा, हिवाळी चराईवर निर्बंध. त्यांतले काही, विशेषतः हिवाळी चराईचे राष्ट्रीय नियम, २०२४ मध्ये नव्या सरकारने मागे घेतले.

ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने मात्र शिक्षेची बाजू कडक केली. कमाल दंड व्यक्तीसाठी दहा लाख आणि कंपनीसाठी एक कोटी डॉलर झाला, आणि दंडासाठी विमा घेण्यावर बंदी आली. कैदेची कमाल मर्यादा दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणली. वरवर ही सवलत वाटते. पण दोन वर्षांच्या शिक्षेमुळे आरोपीला ज्यूरीपुढे खटला मागता येत असे, आणि त्यात प्रकरणे लांबत. आता ती पळवाट राहिली नाही. विम्यावरच्या बंदीचे मोल दंडाच्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त आहे, कारण दंड आता शेताच्याच खिशातून जाणार आणि तळ्याच्या खर्चाशी त्याची तुलना खरी होणार.

डिसेंबर २०२५ मध्ये रिसोर्स मॅनेजमेंट ॲक्टच्या जागी आणायची दोन नवी विधेयके संसदेत मांडली गेली. जुन्या कायद्याखाली शेणपाण्याचे तळे किती मोठे हवे, त्याला अस्तर हवे का, कोणत्या जमिनीवर किती फवारायचे, याचा एकच राष्ट्रीय नियम आजवर नव्हता. तो प्रत्येक परिषदेच्या आराखड्यात वेगळा होता. मानावातूत साठवणीचे गणित परवान्यात लिहिलेले असे, तर तारानाकीत डोंगरावरून उतरणाऱ्या शेकडो ओढ्यांत निवळलेले शेणपाणी सोडण्याचे जुने परवाने बराच काळ चालू राहिले आणि मुदत संपेल तसे ते जमिनीकडे वळवले जात आहेत.